मुद्दाम चुकवलेला सूर

एप्रिल उजाडला की आमच्या तळोद्याच्या बाजारात गाद्या उन्हाला येतात. लग्नात द्यायच्या गाद्या. लाल-पिवळ्या फुलाफुलांच्या कापडाच्या, अजून कोणीही न झोपलेल्या. पिंजाऱ्यांच्या दुकानांसमोर त्यांची चळत लागते आणि हवेत कापसाचं इतकं बारीक तूस तरंगतं, की शेजारच्या टपरीवर चहा घ्यायचा तर कपावर हात धरून घ्यावा लागतो. यंदाही त्या आल्या. शाळेतून परतताना मी पाहिल्या आणि मनात पहिलं वाक्य उमटलं ते असं, की अरे देवा, परत लग्नसराई.

लग्नांचा मला कंटाळा आलाय हे उघड बोलायची सोय नाही. पण खरंच आलाय. बेचाळीस अंश उन्हात नायलॉनची साडी, मंडपावर टाकलेल्या जांभळीच्या डहाळ्या दुपारपर्यंत वाळून खाली गळायला लागलेल्या, पंगतीत गरम बट्टीवर ओतलेलं तूप आणि वांग्याची तिखटजाळ भाजी, आणि नंतर भर दुपारी चारला, डोळ्यांवर झापड असताना, मुलीची पाठवणी. सत्तावीस वर्षं नोकरी झाली. शिकवलेल्या मुली शेकड्यांनी. प्रत्येकीचं लग्न, प्रत्येकीच्या बहिणीचं लग्न, आणि आता त्यांच्या नणंदांचीही. मी तशी फार माणूसघाणी नाही, पण मे महिन्यात होते.

मी खेळाची बाई. मुलींचे खो-खोचे संघ बांधणं हा माझा धंदा. काही वर्षांपूर्वी मला नाशिकला एका शिबिराला पाठवलं होतं. खेळाडू आणि कलाकार यांच्या मनाची तयारी, असा विषय. तिथे शिकवलेल्या उपचाराचं नाव एवढं भारदस्त होतं, की पहिले दोन दिवस आम्ही सगळे नुसतं ते नावच वहीत नीट लिहून घेत होतो. बोधात्मक वर्तन उपचार. तिसऱ्या दिवशी कळलं, की आत भानगड सोपी आहे. डोक्यात आलेला प्रत्येक विचार खरा असतो असं नाही. तो कागदावर उतरवायचा. त्याच्याकडे पुरावा मागायचा. आणि मग एखादा छोटा प्रयोग करून बघायचं, की आपण घाबरतोय ते खरंच घडतं का. मी काही डॉक्टर नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण माणसाला हातात नवीन पाना आला की दिसेल तो नट आवळावासा वाटतो, तसं माझं झालं.

आणि मुलींच्या बाबतीत ते चाललं. एक मुलगी होती, धावायला वाऱ्यासारखी, पण चौकात बसली की खो मिळाल्यावर उठायचीच नाही. तिच्या वहीत निघालं, की मी उठले आणि पडले तर सगळं मैदान हसेल. मी तिला सांगितलं, उद्या सरावात तू मुद्दाम पड. तीनदा पड. मग बघ कोण हसतं ते. ती पडली. कोणी हसलं नाही, कारण कोणाला वेळच नव्हता. खेळ तिच्यावरून पुढे निघून गेला. धुळीत बसल्या बसल्या तीच हसायला लागली, आणि त्या वर्षी आम्ही जिल्ह्याला पहिले आलो. तुझ्याकडे कोणाचंही लक्ष नाही, हे ऐकून पोरी अशा सैल होतात की बघत राहावं.

हे सगळं रफिकभाईंच्या कानावर गेलं ते त्यांच्या पुतणीकडून. ती माझ्या संघात होती. रफिकभाई म्हणजे बाजारातल्या त्या गादीवाल्या दुकानांपैकी शेवटच्या दुकानाचे मालक. घराणं पिंजाऱ्यांचं. पण लग्नसराई लागली, की ते लाल कोट चढवून गावातल्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. दोन्ही धंदे लग्नाचेच. मुलीची गादीही ते भरणार आणि मुलीची पाठवणीही तेच वाजवणार, असं लोक गमतीने म्हणायचे. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, चाळिशी उलटलेला हा मोठा माणूस मैदानाच्या कडेला चपला काढून उभा राहिला. मैदानाला देऊळ समजून कोणी चपला काढलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मॅडम, तुम्ही पोरीसनं भेव काढतस म्हने," ते म्हणाले. "मन्हं बी काढा."

भीती कसली, तर पाठवणीच्या धुनेची. ती वाजवायची वेळ आली की त्यांचे ओठ थरथरायला लागत. ट्रंपेटला ओठ थरथरलेले चालत नाहीत, सूर कधीही फाटू शकतो. वीस वर्षं हे असं कधी झालं नव्हतं. मी विचारत गेले तसं कारण निघालं. आधी बँड बारा माणसांचा होता. दिवसभर वाजवायचा, नवरदेवाला घोड्यावरून मारुतीला न्यायचा, वरात नाचवायचा, आणि शेवटी दमलेल्या ओठांनी पाठवणी. आता नाचायला डीजे आला. बारा माणसांचे पाच झाले. त्या पाच जणांना सुपारी मिळते ती फक्त पाठवणीपुरती, कारण लेकीला निरोप द्यायला डीजे बरा दिसत नाही अशी अजून लोकांची समजूत आहे. म्हणजे दिवसभर मांडवामागे बसून राहायचं, आणि चार वाजता सगळा गोंगाट एकदम बंद झाला, की त्या शांततेत एकट्याने पहिला सूर लावायचा. समोर पन्नास बायका रडतायत. दिवसभर हीच भीती चघळत बसायचं, तर ओठ थरथरतील नाहीतर काय होईल.

मग आमची वही सुरू झाली. शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानात जाऊन बसायची. ते लांब सुईने गादीला टाके घालत बोलायचे आणि मी लिहायची. प्रसंग काय, मनात काय आलं, भीती शंभरपैकी किती. त्यांच्या मनात यायचं ते असं, की सूर फाटला तर रडणारे थांबतील, वळून बघतील, कोणीतरी हसेल, आणि त्या मुलीची पाठवणी जन्माची नासेल. भीती नव्वद. मी पुरावा मागायची. त्यांच्याकडे पुरावा नसायचा, कारण एवढ्या वर्षांत सूर फाटलाच नव्हता. एकदा मी म्हटलं, रडणारे तुमच्या धुनेमुळे रडतात असं तुम्हाला वाटतं का. त्यांनी सुई थांबवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी अगदी खुळचट विचारलंय. नाहीतर कशाने, ते म्हणाले. तो प्रश्न मी तिथेच सोडायला हवा होता.

भीती टाळायच्या त्यांच्या चोरवाटा आम्ही एकेक करून बंद केल्या. वाजवताना ते मांडवाकडे पाठ करायचे, ते बंद. वेलदोडा चघळत राहायचे, तो बंद. दुसऱ्या ट्रंपेटवाल्याला आपल्या मागोमाग दबकत वाजवायला सांगायचे, म्हणजे फाटलं तर झाकलं जाईल, तेही बंद. मग पायरी पायरीने वर चढायचं. आधी दुकानात एकट्याने. मग माझ्यासमोर. मग माझ्या चौदा मुलींसमोर, मैदानावर. मुली मांडी घालून ओळीने बसल्या आणि भर मार्चच्या संध्याकाळी, तोरणमाळाकडचे डोंगर उन्हाने पांढुरके झालेले असताना, एक लाल कोट घातलेला माणूस त्यांची सगळ्यांची एकत्र पाठवणी वाजवत होता. दोघी-तिघी खरंच रडल्या. पुतणीला मात्र हसू आवरेना. मला सुरातलं काही कळत नाही, तरी मी पेन खाली ठेवून ऐकत राहिले. भीती साठावर आली, मी वहीत लिहिलं.

आता मागे वळून बघताना वाटतं, तिथेच थांबलो असतो तर. साठ काही वाईट नव्हते. पण मी खेळाची बाई. अंतिम सामना जिंकल्याशिवाय घरी कसं जायचं, हे माझ्या हाडात बसलंय. शिबिरात शिकवलेला शेवटचा, सगळ्यात कडक प्रयोग अजून राहिला होता. जे घडेल म्हणून घाबरतोस ते स्वतः मुद्दाम घडव, आणि बघ. पडायला घाबरणाऱ्या मुलीला मी पाडलं होतं, तसंच.

रफिकभाई आधी तयार होईनात. कोणाच्या लेकीच्या लग्नात असं करावं का, असं त्यांचं म्हणणं. मी समजूत घातली. एकच सूर, तोही मधल्या ओळीत. आणि तुम्हीच तर म्हणता ना, की सगळं नासेल? मग नासतं का ते बघू की. मी गोड बोलून माणसाला कुठेही नेऊ शकते, ही माझी जुनी खोड आहे.

सुपारी खापरची होती. खापर म्हणजे गुजरातच्या हद्दीला टेकलेलं बाजारगाव. मुलगी तिथल्या शेतकऱ्याच्या घरची, नवरदेव खांडबाऱ्याचा. माझी त्या घराशी ओळख ना पाळख. मी बँडच्या टेम्पोत पुढे बसून गेले आणि मांडवापाशी उतरले, तेव्हा जमलेल्या बायकांनी पदर तोंडाशी नेऊन जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. बँडबरोबर आलेली बाई, आणि हातात वही. मुलीच्या काकांनी मला पत्रकार समजून पहिल्या पंगतीला बसवलं. मी बट्टी चुरली, वरण ओतलं, आणि पोटभर जेवले. प्रयोग करायला गेलेल्या माणसाला भूक लागू नये असं कुठे आहे.

दिवसभर डीजेने जमीन हादरवली. मांडवामागे ढोलवाला झोपला होता, आणि रफिकभाई कोट मांडीवर ठेवून सरळ बसले होते. चार वाजता डीजे बंद झाला. असा गोंगाट बंद झाला की कानात काही क्षण नुसती पोकळी राहते. मग बायकांचा घोळका घरातून बाहेर आला, मधोमध मुलगी. हिरवा चुडा, जड शालू, मान खाली. रफिकभाई पुढे झाले. मांडवाकडे तोंड करून, वेलदोडा न चघळता, एकट्याने त्यांनी पहिला सूर लावला. तो स्वच्छ लागला. दुसरी ओळ लागली. बायकांचं रडणं सुरू झालं. आणि मग मधल्या ओळीत, ठरल्याप्रमाणे, त्यांनी सूर फाडला. मला सुरातलं कळत नाही म्हणते, पण तो मलाही कळला. कापड टरकावं तसा.

काहीही झालं नाही. आई रडत होती तशीच रडत राहिली. मामा गाडीचं दार उघडायला पळत होता. एक मावशी एका डोळ्याने रडत होती आणि दुसऱ्याने मोबाईलवर चित्रण करत होती. गाडी निघून गेली. मग मी वही घेऊन फिरले, कारण प्रयोगाचा तो भागच असतो, लोकांना विचारायचं. धून कशी वाजली, मधे काही चुकल्यासारखं वाटलं का. काकांना विचारलं, आचाऱ्याला विचारलं, फोटोवाल्याला, शेजारणींना, खुद्द मुलीच्या आईला विचारलं. बावीस जणांना विचारलं. छान वाजली, म्हणाले सगळे. कोणालाही काही वाटलं नव्हतं. मी खुशीत रफिकभाईंना वही दाखवली. भीती आता किती, विचारलं. त्यांनी वहीतली नावं बोटाने एकेक करून मोजली. मग म्हणाले, दहा. नव्वदावरून दहा. मी आयुष्यात इतका सुंदर निकाल लावलेला नव्हता.

परतताना टेम्पोत ते माझ्या शेजारी होते. बाहेर ऊस आणि पपईचे मळे मागे पळत होते, खिडकीतून गरम वारा येत होता. अक्कलकुवा मागे पडलं. मी म्हटलं, बघितलंत ना, कोणी ऐकलं नाही. माझ्या आवाजात कौतुक होतं, ते अजून माझ्या कानात आहे.

"हाव मॅडम," ते म्हणाले. "कोनीच आयकं नही. मंग वीस वरीस मी कोनासाठे वाजाडं?"

मला वाटलं, दमलेत. उद्या बरं वाटेल. मी त्यांना तसं म्हटलंही. त्या मोसमातल्या उरलेल्या सुपाऱ्या त्यांनी वाजवल्या. ओठ एकदाही थरथरले नाहीत. मी एक पाठवणी मुद्दाम ऐकायला गेले, तर सगळे सूर जागच्या जागी होते आणि तरी मला लवकर संपावी असं वाटत होतं. जून लागला तसा त्यांनी ट्रंपेट कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला, बँडवाल्यांना दुसरा माणूस बघा म्हणून सांगितलं, आणि फक्त गाद्या शिवायला लागले. मी कारण विचारलं, तर हसून म्हणाले की घरच्या धंद्यात लक्ष घालायचं म्हणतोय. माझ्यावर त्यांनी बोट ठेवलं नाही. ते ठेवतील अशी मी वाट बघत होते, पण भेटलो की त्यांनी चहाच पाजला.

एक पूर्ण वर्ष मी स्वतःशी वकिली केली. त्यांची भीती काढायची होती, काढली. पुढचं माझं काम नाही. पण मैदानावर दुपारी एकटीच चुन्याच्या रेघा मारत असले, की हे पटेनासं व्हायचं. मुलींचं वेगळं. गडी बाद झाला की झाला, पंचाची शिट्टी वाजते, गुण फळ्यावर लागतो. कोणी बघो ना बघो, तो गुण खरा असतो. म्हणून तुझ्याकडे कोणाचं लक्ष नाही, हे मुलीला सांगणं म्हणजे तिच्या खांद्यावरचं ओझं उतरवणं. तेच वाक्य मी वाजवणाऱ्या माणसाला सांगितलं, पुराव्यासकट, बावीस साक्षीदारांसकट. त्याच्याकडे ते ओझं सोडून दुसरं होतं काय. मला हे कळायला हवं होतं, आणि कळलं नाही, याचा मला राग आहे. आणि आता रागावण्याचाही थकवा येतो.

यंदा जानेवारीत मी संघ घेऊन खांडबाऱ्याला गेले होते. उपांत्य फेरीत हरलो. परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही स्टेशनवर बसलो होतो, मुली भेळ खात, मी बाकावर पाय लांब करून. एक तरुण बाई समोर येऊन उभी राहिली. कडेवर वर्षाचं लेकरू. तिने विचारलं, की तुम्ही माझ्या लग्नात होतात ना, बँडच्या गाडीतून उतरलेल्या त्या बाई. मी पाय खाली घेतले. खापरची मुलगी. तिचं नाव मनीषा, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या वहीत आचाऱ्याचंही नाव होतं, पण नवरीचं नव्हतं.

ती शेजारी टेकली. सासरचं बरं चाललंय म्हणाली, आता चांगली रुळलेय, सुरुवातीचे महिने मात्र जड गेले. मग आपणहूनच ती त्या दिवसाबद्दल बोलायला लागली. घरातून बाहेर पडताना तिला रडूच येत नव्हतं. सगळ्या रडत होत्या, पण त्या रडायची वेळ झाली म्हणून रडत होत्या, असं तिला वाटत होतं. आपण इथून कायमच्या चाललोय, हे कोणाच्या खरंच ध्यानात आलंय की नाही, अशी तिला शंका होती.

"मंग त्या बँडवाला भाऊना सूर फाटना," ती म्हणाली. "तवय माले वाटनं, आठे कोनले तरी मन्हासाठे खरंच रडू उनं. तवय मी रडनू."

पुढे खांडबाऱ्याला, परक्या घरात, पहिल्या पहिल्या दिवसांत स्वयंपाक करताना तिला त्या अनोळखी माणसाची आठवण यायची. त्याला वाईट वाटलं होतं, एवढं आठवून तिला बरं वाटायचं. आता तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, वैशाखात. डीजे सुरतेचा येणार आहे. पण पाठवणीला तोच भाऊ हवा, हे तिने वडिलांकडून कबूल करून घेतलंय. त्या भाऊंचा नंबर आहे का तुमच्याकडे, तिने विचारलं. मी दिला. मग गाडी आली आणि उठता उठता तिने सहज विचारलं, की तुम्ही त्या दिवशी वही घेऊन सगळ्यांना काय विचारत होतात. मी म्हटलं, जेवण कसं होतं ते.

गाडीत मुली गाण्याच्या भेंड्या खेळत होत्या आणि मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. बावीस जणांना विचारलं. एका पोरीची पाठवणी मी माझ्या प्रयोगासाठी वापरली, आणि जिच्या एकटीसाठी ती धून वाजत होती तिला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या दिवशी नवरीला कोण काय विचारतं. तिला बसवतात, उठवतात, नेसवतात, गाडीत घालतात. मी स्वतः बाई, मीही अशीच एकदा गाडीत बसलेली, आणि तरीही. मला त्या आगगाडीत फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन रफिकभाईंना सगळं सांगितलं. ते गादीच्या कडेला टाके घालत होते. मी बोलत गेले तसे टाके हळू झाले, मग थांबले. कापसाचं तूस त्यांच्या भुवयांवर बसलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"बठ्ठासले ईचारं आपन," ते म्हणाले. "तिले नही ईचारं?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता तरी बोलतील, चांगलं खडसावतील. एक माणूस गादीचा भाव विचारायला आला, त्याला त्यांनी उत्तरच दिलं नाही, तो निघून गेला.

"तो सूर मी जानीसन फाडा व्हता," ते शेवटी म्हणाले, "हाई तिले कधी सांगू नका."

त्यांनी सुपारी घेतली. ट्रंपेट माळ्यावरून उतरला, ओठांना ट्रंपेटची सवय पुन्हा व्हायला महिना गेला. पुतणी सांगायची, की काका सकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत वाजवतात आणि चुकलं की गप्प बसून राहतात. मी त्या वाटेने मुद्दाम गेले नाही. माझं तिथे काही काम उरलेलं नव्हतं.

परवा लग्न आहे. मलाही आमंत्रण आलंय, या वेळी रीतसर, नावानिशी. आज दुपारी शाळेच्या कोठीत मी तुटक्या खांबांची मोजदाद करत होते, पत्रा तापून अंगाची काहिली होत होती, तेवढ्यात रफिकभाईंचा फोन आला. त्यांचा आवाज बारीक झाला होता. म्हणाले, मॅडम, परत सुरू झालंय. कालपासून ओठ थरथरतायत, पाण्याचा पेलाही तोंडाला नीट लागत नाही. शंभरपैकी किती, मी सवयीने विचारलं. शंभर, ते म्हणाले.

मी घाईघाईने म्हटलं, घाबरू नका, अजून दोन दिवस आहेत. संध्याकाळी वही घेऊन मैदानावर या, आपण पहिल्यापासून करू, मी घालवते ती भीती.

"नको मॅडम," ते म्हणाले. "या टाइमले ऱ्हावू द्या."